सव्वासहाच्या प्रदक्षिणा

उज्वला खोटारडी बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिच्याबद्दल भलताच ग्रह करून घ्याल. चोवीस वर्षांच्या संसारात तिने सासूपासून लपवली असेल तर एखादी फुटलेली कपबशी. पण डिसेंबरातल्या त्या सकाळी साडेसातला ती दार लोटून आत आली, समोर खुर्चीत कुसाबाई बसलेल्या दिसल्या, आणि तिच्या तोंडून जे खोटं निघालं ते थेट देवाच्या नावाने निघालं.

“रोज सकाळी कुठं जाती गं तू?” सासूबाईंनी विचारलं. “आन एवढ्या थंडीत घाम कशाचा?”

“दत्ताला जाते, आई. औदुंबराला प्रदक्षिणा धरल्यात. रोज एकशे आठ, सव्वा महिना.” एवढ्यावर थांबावं की नाही? पण ज्याला खोट्याची सवय नसते त्याला थांबायचं कुठे तेही कळत नाही. “वैष्णवीच्या लग्नासाठी,” ती म्हणाली.

औदुंबर खरा होता. सिडकोतल्या त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर दत्ताचं मंदिर, मागे पार बांधलेलं झाड. उज्वला मात्र तिथवर जातच नव्हती. ती अलीकडच्या चौकात वळायची आणि टाइल्सच्या दुकानाशेजारचा जिना चढून दुसऱ्या मजल्यावर जायची. तिथे सव्वासहा ते सव्वासात ती नाचायची.

झालं होतं असं. दिवाळीआधी वैष्णवीने, म्हणजे तिच्या मुलीने, आपल्याच लॅबमधून आईचा रक्ताचा रिपोर्ट आणला. साखर अगदी काठावर. “रोज तासभर अंग हलव, नाहीतर गोळी सुरू होईल,” पोरीने दम भरला. उज्वला चालायला लागली. नवरा दीपक अंबडच्या एका कंपनीत स्टोअरला, पहिल्या पाळीला सहाच्या आत घराबाहेर पडायचा, त्याच्या मागोमाग ही निघायची. चार दिवसांत तिला त्या चालण्याचा असा कंटाळा आला की विचारू नका. पाचव्या दिवशी चौकात वरून गाणं ऐकू आलं, खिडक्यांत उजेड दिसला, आणि नुसतं बघून यावं म्हणून ती जिना चढली.

काचेच्या दारापलीकडे वीसेक बाया आरशाकडे तोंड करून नाचत होत्या. जाड होत्या, बारीक होत्या, एक तर साठीची होती, केस पांढरे आणि पायात गुलाबी बूट. मागच्या रांगेत दोन पुरुष, दोघेही टक्कल पडलेले, आपापल्या पावलांकडे बघत. शिकवणारी संजना, पंचवीस-सव्वीसची पोर, तिने दारातल्या उज्वलाला पाहिलं आणि पाय न थांबवता हाताने आत बोलावलं. उज्वला चपला काढून शेवटी उभी राहिली. पहिल्या गाण्याला सगळे उजवीकडे गेले तेव्हा ही डावीकडे गेली, आणि त्या टकल्या काकांवर आदळली. तिसऱ्या गाण्याला तिच्या लक्षात आलं की आपल्याकडे कुणीही बघत नाही. जिना उतरताना ती एकटीच हसत होती. किती वर्षांनी एवढं बरं वाटलं, हे तिला आठवेना.

आता तुम्ही म्हणाल, मग घरी सांगायला काय झालं होतं? एकविसाव्या शतकात राहता, मुलगी नोकरी करते, सासूबाई काही खाऊन टाकणार होत्या का?

त्याला कारण होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी चांदवडला धाकट्या दिराची हळद होती. बँजो लागला, नणंदांनी ओढलं आणि अजून नव्या नवरीतच मोडणारी उज्वला नाचायला लागली. चांगली नाचत होती. गर्दीतून कुसाबाई आल्या, काहीएक न बोलता त्यांनी तिचं मनगट धरलं आणि तिला म्हाताऱ्या बायांच्या सतरंजीवर नेऊन बसवलं. “आपल्या घरातल्या बाया नाचत नाय,” एवढंच म्हणाल्या. सगळ्या भावकीने ते पाहिलं. त्यानंतर उज्वला कुठल्या वरातीत नाचली नाही, गणपतीत नाही, नवरात्रात कॉलनीत टिपऱ्या असायच्या तेव्हा ती खुर्च्या मांडायला पुढे आणि फेर धरायला मागे. तिला त्या मनगटाची अजून लाज वाटत होती. म्हणून तिने औदुंबर पुढे केला.

आणि सासूबाईंनी तो मनावर घेतला. घेणारच. वैष्णवीची पाच स्थळं मोडली होती. एकाला उंची कमी वाटली, एकाला पत्रिका जुळेना, एकाने मुलगी फार बोलते म्हणून कळवलं. कुसाबाईंच्या जिवाला तो एकच घोर होता. दुसऱ्या दिवशी पाच वाजता उज्वला उठली तर सासूबाई तिच्याआधी उठून पाणी तापवत बसलेल्या. गुडघे गेल्यापासून ज्या काठीशिवाय मोरीपर्यंत जात नव्हत्या, त्या. त्यांनी सुनेच्या हातात एक पुरचुंडी दिली.

“एकशे आठ चिंचोके हायेत. फेरी झाली की एक इकडून तिकडं टाकायचा. मोजण्यात चूक नको.” मग म्हणाल्या, “घरात कांदा-लसूण बंद. मी बी सोडला.”

कांद्याच्या वावरात जन्म गेलेल्या बाईने कांदा सोडला. कॉलनीतल्या बायांना सासूबाई सांगायच्या, माझी सून एवढ्या थंडीत अनवाणी फिरती. घरी आल्यावर तिच्या हातात आयता चहा द्यायच्या. चोवीस वर्षांत असा चहा तिला मिळाला नव्हता, आणि मिळाला तो या कारणाने.

बरं, उज्वला काही नास्तिक नव्हती. असती तर सोपं होतं. तिला भीती वाटत होती, खरीखुरी. देवाला फसवलं, तेही पोरीच्या लग्नाचं नाव घेऊन. एका सकाळी ती निश्चय करून सरळ मंदिरात गेली. आजपासून क्लास बंद, प्रदक्षिणा सुरू. फरशी बर्फासारखी गार होती. अकरा-बारा फेऱ्या झाल्या असतील, तेवढ्यात दोन गल्ल्या ओलांडून त्या गाण्याचा ठेका कानावर आला. तिने आणखी एक फेरी कशीबशी घातली, झाडाला हात जोडले आणि ती निघाली. जिना चढताना तिने स्वतःला काय काय शिव्या घातल्या ते इथे लिहिता येणार नाही. पण ती चढली, आणि नाचली.

तिसाव्या दिवशी वैष्णवीचं लग्न ठरलं.

मुलगा विंचूरचा, मनोज नावाचा, तिकडच्याच एका कारखान्यात केमिस्ट. दोघांनी कॉफी पिऊन तासभर गप्पा मारल्या. वैष्णवी परत आली ती गप्प गप्प, आणि जी पोरगी फार बोलते म्हणून नाकारली गेली होती ती गप्प झाली म्हणजे काय समजायचं ते आईने समजून घेतलं. बैठक झाली, साखर वाटली गेली. आणि भरल्या बैठकीत कुसाबाईंनी सांगून टाकलं, “हे सगळं औदुंबराचं देणं. माझ्या सुनंनं सव्वा महिना प्रदक्षिणा धरल्यात.”

मुलाची आई लताबाई पन्नाशीची, ठसठशीत बाई. दत्ताचं नाव ऐकताच तिने उज्वलाला बसल्या जागी नमस्कार केला. “ताई, सांगतेच्या दिवशी मी येणार. शेवटच्या फेऱ्या आपण जोडीने घालू. तिथल्या पुजारीबुवांच्या हातून नारळ घेऊ.” आणि मग, कुणी विचारलं नसताना, तिने दुसरी एक गोष्ट सांगितली. थोरल्याच्या वेळी ठरलेल्या मुलीची पत्रिका खोटी निघाली होती. “पोरगी गुणाची होती हो. पण मी उठून आले. खोट्यावर उभं राहिलेलं घर मला चालत नाही.”

वैष्णवी आत उभी राहून हसत ऐकत होती. उज्वलाने तिच्याकडे पाहिलं आणि हातातला साखरेचा वाडगा खाली ठेवून दिला.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. क्लासमध्ये पाय उचलेना. “ताई, आज लक्ष कुठे आहे?” संजनाने दोनदा विचारलं. एकदा वाटलं, पुजाऱ्याला जाऊन सांगावं, कुणी विचारलं तर मी रोज येते म्हणा. मंदिराच्या फाटकापर्यंत गेली आणि परत फिरली, कारण आता देवाच्या दारात देवाच्याच माणसाला खोटं बोलायला लावायचं, एवढी काही तिची छाती नव्हती. दुसरी वाट म्हणजे दीपकला सांगणं. पण दीपकला काही सांगितलं की तो आधी “आईला विचारू” म्हणायचा. म्हणजे फिरून तिथेच.

सांगतेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी कुसाबाई ओट्यापाशी स्टुलावर बसून पुरणासाठी हरभऱ्याची डाळ निवडत होत्या. घरात दोघीच. उज्वला त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसली.

“आई, मी प्रदक्षिणा घातल्या नाहीत.”

कुसाबाईंचा हात परातीत थांबला. “किती राहिल्या?”

“एकच दिवस गेले होते. बाकी सगळं खोटं. मी चौकात क्लासला जाते. नाचायच्या. म्हणजे व्यायामच तो, पण गाण्यावर नाचायचं असतं.”

सांगून झालं. एवढं सोपं होतं ते, आणि त्यासाठी तिने चाळीस दिवस जीव टांगणीला लावला होता.

“पुरुष असत्यात?”

“दोघं. म्हातारे आहेत.”

“देवाच्या नावानं,” कुसाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “पोरीच्या लग्नाचं नाव घेऊन. मला सांगायचं ना, नाचायला जाते म्हणून.”

आणि इथे उज्वलाचा बांध फुटला. “कशी सांगणार? चांदवडला हळदीत सगळ्यांसमोर मनगट धरून बसवलंत मला. आपल्या घरातल्या बाया नाचत नाहीत म्हणालात. तेवीस वर्षं झाली, आई, मी टाळीसुद्धा जपून वाजवते.”

कुसाबाईंनी मान वर केली. त्यांच्या कपाळाला आठी पडली, ती रागाची नव्हती, काहीतरी शोधणाऱ्या माणसाची होती.

“कुणाच्या हळदीत?”

“भाऊजींच्या.”

“मला नाय आठवत,” कुसाबाई म्हणाल्या.

सासू खरं बोलत होती, हे उज्वलाला दिसलं. बाईला खरंच आठवत नव्हतं. ज्या गोष्टीने हिचा अर्धा जन्म खुर्च्या मांडण्यात गेला, ती गोष्ट तिच्या डोक्यात दुसऱ्या दिवशीसुद्धा राहिली नसेल. उज्वलाला राग आला, रडू आलं, आणि यांतलं आधी काय करावं ते न कळून ती उठून भांडी घासायला लागली.

सासूबाईंनी डाळ पूर्ण निवडली. मग काठी घेऊन आपल्या खोलीत गेल्या. जेवल्या नाहीत. दीपकने विचारलं तर पोट जड आहे म्हणाल्या. उद्या त्या लताबाईंसमोर काय बोलणार, याचा उज्वलाला काही अंदाज येईना. वैष्णवी फोनवर मनोजशी बोलत होती, दाराआडून तिचं हसणं येत होतं.

सकाळी सहाला कुसाबाई तयार. ठेवणीतलं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. “रिक्षा बोलाव,” एवढंच म्हणाल्या. रिक्षा चौकातून गेली तेव्हा वरच्या खिडक्यांत उजेड होता. उज्वलाने मान खाली घातली. सासूबाई समोर बघत होत्या, त्यांनी काही पाहिलं की नाही ते कळलं नाही.

लताबाई आधीच येऊन थांबल्या होत्या, हातात हार, नारळ, पेढ्यांचा पुडा. पुजारीबुवा पाराशी दिवा लावत होते. आणि व्हायचं तेच पहिल्या दोन मिनिटांत झालं.

“बुवा, या आमच्या विहीणबाई,” लताबाई कौतुकाने म्हणाल्या. “सव्वा महिना रोज तुमच्याकडे येतायत. आज सांगता.”

पुजाऱ्याने वात सारखी केली आणि उज्वलाकडे निरखून पाहिलं. “रोज? सकाळचा मीच असतो हो इथे. यांना एकदा पाहिल्याचं आठवतं. बारा-तेरा फेऱ्या घातल्या आणि गेल्या.”

लताबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी नारळ पारावर ठेवला. त्या उज्वलाकडे वळल्या. तिच्या डोळ्यांपुढे वैष्णवी उभी राहिली.

“तिला काय विचारता,” कुसाबाई म्हणाल्या. “मला विचारा.”

दोघीही वळल्या. म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून, झाडाकडे तोंड करून उभी होती.

“नवस माझा हाय. नातीसाठी मी बोलले. माझे पाय चालंना म्हणून सुनंला पुढं केलं. दुसऱ्याच्या पायानं नवस फिटतो होय? ती बिचारी एक दिवस आली, तिला जमलं नाय. घरचं सगळं तिच्या अंगावर. मला समजलं होतं तरी बैठकीत मी बढाई मारली. सून गोड दिसावी म्हणून मारली. खोटं बोलले ते मी बोलले, लताबाई.”

जी बाई देवापुढे दिवा लावल्याशिवाय चहाचा घोट घेत नाही, ती देवाच्या दारात, पेटत्या दिव्यासमोर, धडधडीत खोटं सांगत होती. आणि सांगताना तिची जीभ अडखळली नाही.

“मावशी, पण…” लताबाई म्हणाल्या.

“सोयरीक मोडायची तर माझ्या नावावर मोडा. पोरीच्या नको, तिच्या आईच्या बी नको. मी आज नवस फेडायला आले. उद्या बी येणार. सव्वा महिना.”

असं म्हणून त्यांनी काठी पाराला टेकवून ठेवली, चपला काढल्या आणि पहिलं पाऊल टाकलं. मग दुसरं. गुडघा वाकला की तोंडातून बारीक आवाज निघत होता. उज्वला धरायला धावली.

“हात सोड,” कुसाबाई म्हणाल्या. “धरून धरून नवस फिटत नसतो.”

लताबाई तशाच उभ्या होत्या. म्हातारीने झाडाला एक पुरी फेरी घातली तोवर त्या जागच्या हलल्या नाहीत. उज्वलाला वाटलं, आता ही बाई पिशवी उचलणार आणि फाटकातून बाहेर पडणार. लताबाईंनी पिशवी उचललीही. ती त्यांनी पुजाऱ्याच्या हातात दिली, चपला काढल्या, आणि कुसाबाईंच्या मागे चालायला लागल्या. “मावशी, सावकाश,” म्हणाल्या. “मला घाई नाही.”

उज्वला सगळ्यांत मागे. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

सासूबाईंच्या चालीने लताबाईंना जमेना. तिसऱ्या फेरीत त्या पुढे निघून गेल्या. चौथ्या फेरीत झाडाच्या मागच्या बाजूला, जिथे पुजाऱ्यालाही दिसत नव्हतं, तिथे कुसाबाई थांबल्या. दम घेतला. उज्वला जवळ आली.

“किती वाजता असतो तुझा तो क्लास?”

“सव्वासहाला.”

“मग उद्यापासून मला सहाला इथं सोडायचं. साडेसातला न्यायला यायचं.” त्यांनी पदराने कपाळ टिपलं. “मधल्या वेळात तू कुठं जाती ते मला सांगायचं नाय. मी विचारणार नाय.”

“आई, तुमचे गुडघे… चाळीस दिवस कसं होईल? मी घालते ना फेऱ्या. मी सोडते क्लास.”

“तू ज्याचं नाव घेतलं त्या देवाला मी आता माझं नाव सांगून बसले,” कुसाबाई म्हणाल्या. “आता मला फिरलंच पाहिजे.” आणि झाडाला हात लावून त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. “चौथी चालू हाय. बोलू नको, मोजणं चुकतं.”